माथेरानचं इंजिन कोणी काढेना, म्हणून घरीच केलं: नॅरोगेज मॉडेलची सविस्तर कृती

माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर पाच इंजिनांची नावं आहेत: माथेरानचं ओरेनस्टाइन अँड कोपेल, बार्शी लाइट रेल्वेचं किटसन, विदर्भातल्या शकुंतला गाडीचं झेडडी, जपानी बनावटीचं झेडपी आणि माथेरानचंच जुनं डिझेल एनडीएम-१. परदेशी मॉडेल कंपन्यांच्या नव्या मालाच्या याद्या आल्या की आधी हे दार उघडायचं, यादी ताडून बघायची आणि दार लावून टाकायचं, असा माझा वर्षानुवर्षांचा क्रम. पहिल्या नावावर आता काट आहे. कंपनीने काढलं म्हणून नव्हे, मी केलं म्हणून.

ते कसं केलं ते इथे लिहितो. ज्यांच्याकडे एकही रूळ नाही त्यांना सुरुवातीपासून उपयोग होईल. ज्यांच्याकडे ट्रॅक आहे आणि फक्त हवं ते इंजिन नाही, त्यांनी थेट मागणीच्या भागापाशी जावं.

आधी लाइन, मग स्केल

बहुतेक जण उलटं करतात. दुकानात दिसलेलं गोंडस इंजिन घेतात आणि मग त्याला साजेशी गाडी शोधत बसतात. आपल्याकडे नॅरोगेज म्हणजे एकच माप नव्हे. नेरळ-माथेरानच्या दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, २ फूट, म्हणजे ६१० मिमी. बार्शी लाइट आणि शकुंतला २ फूट ६ इंचाच्या होत्या, ७६२ मिमी. कागदावर फरक वीतभराचाच दिसतो, पण मॉडेलचं सगळं गणित त्यावर फिरतं.

गणित सोपं आहे. खऱ्या गेजला स्केलच्या आकड्याने भागा (१:७६ स्केल म्हणजे खऱ्याचा शहात्तरावा भाग). बाजारात सर्वांत सहज मिळतो तो ९ मिमीचा ट्रॅक, कारण एन-गेज हे छोटं मॉडेल माप वापरणाऱ्या जगभरच्या लोकांचा तोच. ब्रिटिश ओओ-९ मध्ये स्केल १:७६ आणि रूळ ९ मिमी. माथेरानचे ६१० मिमी तिथे होतात ८ मिमी, म्हणजे रूळ एक मिलिमीटरने रुंद. डोळा ते सहज माफ करतो. तीच गाडी युरोपातल्या एचओई स्केलमध्ये, १:८७ ला केली, तर यायला हवेत ७ मिमी आणि रूळ असतात ९. इंजिन फेंगडं दिसायला लागतं. बार्शीचं मात्र नेमकं उलट. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६. जणू बार्शीसाठीच ठरवलेलं माप! ओओ-९ मध्ये तिला १० मिमी लागतील.

हात जाड असतील, डोळे चाळिशीपलीकडचे असतील, तर ऑन-३० बघा: स्केल १:४८, रूळ एचओ या नेहमीच्या मॉडेल मापाचे, १६.५ मिमीचे. ७६२ मिमीला तिथे १५.९ लागतात, म्हणजे हेही जवळजवळ बरोबर. अंगण असेल, तर १:१९ स्केलला ३२ मिमी रुळावर माथेरान अगदी तंतोतंत बसतं आणि खरी वाफ भरता येते. मी डोंबिवलीत वन-बीएचकेमध्ये राहतो. अंगण म्हणजे कुंड्यांची ग्रिल. मी ओओ-९ घेतलं.

एवढं ठरवायच्या आधी एकदा पुण्याला कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये जाऊन या. ते १९९८ पासून आहे. तिथे नॅरोगेजसाठी जायचं नाही. छोट्या गाड्या तासन्‌तास न घसरता चालवायच्या तर रूळ किती नीट टाकावे लागतात, ते बघायला जायचं.

पाट

ज्यावर रूळ टाकायचे तो माझा पाट चार फूट बाय दोन फूट आहे, १२०० बाय ६०० मिमी. दिवाणाखाली उभा सरकतो. प्लायच्या आठ-चारच्या एका शीटमधून असे चार निघतात. उरलेले तीन सुताराकडून कापूनच आणा, कधी ना कधी लागतात. प्लाय ६ मिमीचा पुरे, पण खाली पाइनच्या पट्ट्यांची चौकट हवी आणि मध्ये दोन आडव्या. एमडीएफ घेऊ नका. स्वस्त आणि गुळगुळीत असतो हे खरं, पण आपल्या पावसाळ्यात कडा फुगतात आणि ऑगस्टपर्यंत रुळाला लाट येते. प्लायलाही वरून, खालून आणि कडांना सीलरचा हात द्या. खालची बाजू सगळे विसरतात. मग एकाच बाजूने ओल शिरते आणि पाट पाटीसारखा खोल होतो.

ओओ-९ चा तयार वळणाचा ट्रॅक २२८ मिमी त्रिज्येचा येतो, पेकोचा. पूर्ण वर्तुळाला जागा लागते ४५६ मिमी, म्हणजे दोन फुटांच्या पाटावर दोन्हीकडे सात-सात सेंटिमीटर उरतात. तेवढ्यात झाड, दरी, कठडा सगळं येतं. कठडा ठेवाच. माझा पहिला डबा फरशीवर पडला तेव्हा घरात सगळे जेवत होते, आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

चढ: इथे हट्ट सोडायचा

माथेरानच्या गाडीची मजा चढात आहे. खरा चढ १:२० पर्यंत जातो: वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान. सुमारे वीस किलोमीटरची ही लाइन पीरभॉय घराण्याने बांधली आणि १९०७ मध्ये ती सुरू झाली. मागेपुढे करत चढण्याऐवजी घोड्याच्या नालासारखी वळणं घेत ती डोंगर चढते. हे वळण पाटावर आलंच पाहिजे, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

मी पहिल्यांदा खरोखर १:२० चा चढ बांधला. एकटं इंजिन चढलं. एक डबा लावला, चढलं. दुसरा लावला, आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मॉडेल इंजिनाचं वजन मूठभर, त्यात वळणावर डब्यांची चाकं रुळाच्या कडेला घासतात, म्हणजे चढ आहे त्यापेक्षा जास्त भासतो. मग सगळं उखडलं.

आता हिशोब असा आहे. वर्तुळाचा परीघ १४३२ मिमी. मध्ये दोन्ही बाजूंना ३०-३० सेंटिमीटर सरळ रूळ घातले की एक फेरी साधारण २ मीटरची होते. १:३० चढाने त्या फेरीत गाडी ६७ मिमी वर येते आणि पुलावरून स्वतःच्याच खालच्या रुळाला ओलांडते. वरच्या प्लायची जाडी आणि ट्रॅक मिळून १० मिमी वजा करा, खाली ५७ मिमी मोकळी जागा उरते. तीन मीटर उंचीची वस्तू या स्केलला ३९ मिमी होते, तेव्हा पुलाखालून गाडी सुखाने जाते. ही जास्तीची जागा उधळू नका. चढाची सुरुवात आणि शेवट एकदम करायचा नसतो. दोन्ही टोकांना १५-१५ सेंटिमीटर हळूहळू वळवावं लागतं, नाहीतर कपलिंग सुटतं किंवा इंजिनाचं पुढचं चाक अधांतरी राहतं. ही शिल्लक त्यातच जाते.

रूळ आणि झाळ

छोट्या इंजिनाचा खरा शत्रू वीज न पोचणं हा आहे. चार-सहा चाकं, त्यांच्यातलं अंतर दोन-तीन सेंटिमीटर, एका चाकाखाली धूळ आली की गाडी थांबलीच. म्हणून रुळांच्या जोडपट्ट्यांवर विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःची वायर द्यायची.

हे काम हाताला बसायला वेळ लागतो, म्हणून जरा तपशिलात सांगतो. रूळ निकेल-सिल्व्हरचे असतात, झाळ चांगली धरतात. रुळाची बाहेरची बाजू काचकागदाने एका जागी चमकवा. काडीच्या टोकाने फ्लक्सचा, म्हणजे कथील धरायला मदत करणाऱ्या लेपाचा, ठिपका द्या. वायरच्या टोकाला आधीच कथील लावून ते बारीक एलसारखं वाकवा. दोन्हीकडच्या स्लीपरवर ओल्या कापसाचे बोळे ठेवा. मग २५ वॅटची झाळायची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) टेकवा आणि मनात ‘एक, दोन’ म्हणा. कथील चमकून पसरतं, इस्त्री काढायची, फुंकर मारायची नाही. तिसऱ्या आकड्यापर्यंत थांबलात, तर कापूस असूनही स्लीपर वितळतो. माझ्या पाटावर वॉटर पाइप स्टेशनजवळ असे तीन स्लीपर आहेत. त्यांवर आता गवत उगवलंय.

दोन रुळांच्या टोकांमध्ये व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट सोडा. सांधा, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणारा रुळाचा तुकडा, घेताना ज्याच्या मधल्या व्हीला, म्हणजे फ्रॉगला, वीज देता येते असाच घ्या. प्लास्टिकच्या फ्रॉगवर लहान इंजिनं हमखास अडतात.

खडी म्हणून बारीक चाळलेली माती चालते. माथेरानची तांबडी माती हवीच असेल, तर तिथून पिशवी भरून आणू नका, तो पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील टापू आहे. घरी आल्यावर बूट झाडा, पाटापुरती निघते. ती जुन्या कढईत भाजायची, म्हणजे किडे मरतात. नवी कढई वापरू नये, हे मी स्वानुभवाने सांगतो. मग कागदावर पसरून वरून लोहचुंबक फिरवा. तांबड्या मातीत लोहाचे कण असतात, ते मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटले की इंजिन कायमचं बसलं. चिकटवायला एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. थेंब विसरलात, तर पाणी मातीवर गोळ्या होऊन बसतं.

कंपनीकडे मागायचं कसं

आता इंजिनाकडे. कंपनी माथेरानचं इंजिन का काढत नाही? साचा. प्लास्टिक ओतायचा पोलादी साचा इतका महाग असतो की हजारोंनी विक्री झाल्याशिवाय तो फिटत नाही. म्हणून कंपनी असं इंजिन शोधते, जे एकाच साच्यातून पाच रंगांत, पाच लाइनींच्या नावाने विकता येईल. बाखमनचं ओओ-९ मधलं बाल्डविन बघा. पहिल्या महायुद्धात आघाडीवरच्या छोट्या लाइनींसाठी अमेरिकेत ती ४-६-० (पुढे चार छोटी चाकं, मग ओढणारी सहा, मागे एकही नाही) टँक इंजिनं जवळजवळ पाचशे झाली आणि युद्धानंतर जगभर पांगली. एक साचा आणि गिऱ्हाइकं सगळीकडे. त्यातली काही हिंदुस्थानात आली, उत्तरेकडच्या साखर कारखान्यांत ऊस ओढत राहिली, आणि काही पुढे परत इंग्लंडला गेली. म्हणजे आज दुकानातून आणता येईल असं, भारतात राबलेलं नॅरोगेज इंजिन हवं असेल, तर ते आहे. माथेरानची वाट बघताना त्याच्यावर ट्रॅक तपासायला हरकत नाही.

माथेरानची वाफेची इंजिनं होती चार. एकच लाइन, एकच ओळख. कंपनीच्या हिशोबात ती बसत नाहीत, याचा राग धरण्यात अर्थ नाही.

तरीही मागायचं असेल, तर ‘भारतीय इंजिनं काढा’ असं मोघम लिहू नका. एका पत्रात एकच इंजिन मागा. ते आज कुठे उभं आहे, मोजता किंवा स्कॅन करता येईल का, ते लिहा. कोणकोणत्या लाइनींवर, कोणत्या रंगात, कोणत्या काळात धावलं, ते सांगा. हाताशी असलेल्या चासिसवर, म्हणजे मोटर-चाकांच्या सांगाड्यावर, बसेल का, तेही. या शेवटच्या मुद्द्याने पत्र वाचलं जातं. ऑन-३० चीच गोष्ट घ्या. १९९८ मध्ये बाखमनने ती गाडी आणली ती रूळ आधीच घरोघरी होते त्या जोरावर.

माझ्या यादीतलं बार्शीचं किटसन मला या कसोटीवर सर्वांत आशेचं वाटतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने १८९७ मध्ये सुरू केलेल्या या लाइनीची ०-८-४ टँक इंजिनं लीड्सच्या किटसनने बांधली. पुढे १९०४ मध्ये इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड ही लाइन निघाली, तिथेही हाच कॅलथ्रॉप, हेच किटसन, हेच ७६२ मिमी. ती लाइन १९३४ मध्ये बंद झाली, पण तिथल्या मॉडेलवाल्यांचा तिच्यावर अजून जीव आहे. बार्शीचं नाव घेऊन पत्र लिहिलं तर इंग्लंडात कोण विचारणार? ‘लीक अँड मॅनिफोल्डची थोरली बहीण’ म्हणून लिहा.

मोठ्या कंपनीपेक्षा एकट्यादुकट्याने किट काढणारे लवकर ऐकतात. त्यांना हजारांची गरज नसते. पंधरा-वीस जणांनी मिळून मागितलं, तर ते निदान विचार तरी करतात.

चासिस आधी, बॉडी मागाहून

हे वाक्य कुठेतरी लिहून ठेवा. मी आधी देखणी बॉडी केली आणि मग तिच्यात मावेल अशी मोटर शोधत सहा महिने घालवले. मिळाली नाही. ती बॉडी आता नेरळच्या शेडमध्ये ‘दुरुस्तीसाठी’ उभी आहे.

माथेरानचं इंजिन ०-६-० टँक, म्हणजे सहाही चाकं ओढणारी आणि पाणी-कोळसा इंजिनावरच. खऱ्या इंजिनात क्लीन-लिंडनर पद्धत होती: पुढचा आणि मागचा आस वळणावर बाजूला सरकायचा, म्हणून सहा चाकं असूनही ते घाटातली अरुंद वळणं घ्यायचं. मॉडेलमध्ये ही भानगड करायची गरज नाही. मधल्या आसाला बाजूला सरकायला थोडी जागा असली की २२८ मिमीचं वळण निघतं. एन-गेजमधल्या लहान टँक इंजिनाचं सहाचाकी चासिस बघा. चारचाकी डिझेल करायचं असेल, तर काटोच्या पॉकेट लाइन मालिकेतलं छोटं चासिस स्वस्त आणि गुणी आहे.

चासिस हातात आलं की व्हर्नियरने पाच मापं घ्या: पहिल्या ते शेवटच्या आसाचं अंतर, चाकाचा व्यास, एकूण लांबी, मोटरपाशी रुंदी, मोटरची रुळापासून उंची. शेवटचं माप निर्णायक. मोटर बाजूच्या टाक्यांच्या वर डोकावत असेल, तर ते चासिस परत करा. आसांच्या अंतरात माझा दीड मिलिमीटर कमी पडला. तो सोडून दिला.

खरं इंजिन मोजायला नेरळला जा. जुनं इंजिन तिथे ठेवलेलं आहे. (इतर नॅरोगेज इंजिनांसाठी नागपूरचं मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय उत्तम.) अगदी समोरून आणि अगदी बाजूने, शक्य तितकं लांब उभं राहून झूम करून फोटो घ्या. जवळून घेतला की टोकं आकसतात. इंजिनाला टेकवून एक मीटरची पट्टी उभी करा. पट्टी विसरलात, तर समोरच्या फोटोत रूळच तुमची पट्टी: आतून आत ६१०. मग प्रत्येक माप भागिले ७६. दोन मीटर म्हणजे २६ मिमी आणि वर केसभर.

थ्रीडी प्रिंटकडे जायच्या आधी कार्डबोर्डचं इंजिन करा. मी जुन्या लग्नपत्रिका वापरतो, जाड, गुळगुळीत, भरपूर मिळणाऱ्या. एका संध्याकाळी चासिसवर पत्रिकेची बॉडी चढवली आणि वळणावर फिरवली, तेव्हा कळलं की केबिनची मागची कड बोगद्याला घासते. पत्रिका कात्रीने कापता येते. रेझिन नाही.

रेझिन प्रिंट बाहेरून करून घेतली तरी फाइल नीट हवी. माझी पहिली बॉडी आली ती पापडासारखी वाकून. चूक माझीच: भिंती ०.६ मिमीच्या ठेवल्या होत्या. आता १ मिमी ठेवतो, टाक्यांच्या आत आडव्या पट्ट्या देतो, आणि बॉडी तिरकी ठेवून छापून घेतो. स्वतः छापत असाल, तर अल्कोहोलने धुतल्यावर पूर्ण वाळू द्या, मगच अतिनील दिव्याखाली धरा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि ते धुवण मोरीत ओतू नका. उघड्या जागी उन्हात ठेवलं की अल्कोहोल उडतं, खालचा गाळ घट्ट होतो, तो वेगळा टाकता येतो.

हँडरेल, शिट्टी, डोम हे बॉडीबरोबर छापू नका, मोडतात. गिटारची बारीक तार हँडरेलला झकास.

शेवटी वजन. मासेमारीचं शिसं हातोडीने चपटं करून टाक्यांत भरा, हात धुवा, आणि इंजिन पेन्सिलीवर आडवं ठेवून बघा. ते मधल्या चाकांपाशी तोललं गेलं पाहिजे. माझं आधी मागे झुकत होतं आणि चढावर चाकं नुसती फिरायची. धुराड्याखाली थोडं शिसं वाढवल्यावर १:३० वर तीन डबे ओढू लागलं. चौथा जोडला की नालाच्या वळणावर थांबतं. तीन डब्यांचंच वेळापत्रक केलंय.

खरी माथेरानची गाडी पावसाळ्यात खालच्या घाटात बंद असते आणि वर अमन लॉज-माथेरान तेवढी चालते. माझ्याकडेही जूनमध्ये पाट दिवाणाखाली जातो, इंजिन डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. ऑक्टोबरमध्ये रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे आणि इंजिन आधी एकटंच, दोन्ही दिशांना पंधरा-पंधरा मिनिटं फिरवायचं. मधल्या महिन्यांत बार्शीच्या आठ चाकांसाठी चासिस शोधतोय. ९ मिमीवर आठ जोडलेली चाकं आणि मागे चार, २२८ च्या वळणात. पत्रिकेचं इंजिन तयार आहे.